शेरा गोपनीय, परिणाम उघड

मार्च संपत आला की अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील कार्यालयांत अप्रेझलचे वारे वाहू लागतात. साकीनाका मेट्रो स्थानकातून चांदिवली वा साकीविहार रोडकडे वळणाऱ्या नोकरदारासाठी हे दिवस पगारवाढीचे असतात, तसेच साहेबांनी वर्षभर मनात काय धरून ठेवले होते, ते कळण्याचेही. वास्तविक जुलैत झालेली चूक मार्चमध्ये ऐकवण्यात सुधारणेपेक्षा हिशेब चुकता करण्याचाच भाग अधिक. तरीही या नोकरदाराला निदान शेरा कळतो. सरकारी नोकरीत कित्येक दशके तेवढेही नशिबी नव्हते.

तेथे असे तो ‘गोपनीय अहवाल’. वरिष्ठाने लिहायचा, त्याच्या वरिष्ठाने तपासायचा आणि ज्याच्याविषयी लिहिला, त्याने बढती हुकल्यावर तर्क करीत बसायचे. सर्वसाधारणपणे केवळ प्रतिकूल शेरे कळवले जात. देव दत्त या अभियंत्याचे प्रकरण नेमके या फटीतून वर आले. सीमा रस्ते सेवेतील या कार्यकारी अभियंत्याला अधीक्षक अभियंतापदासाठी सलग पाच वर्षे ‘अतिउत्तम’ शेरा आवश्यक होता. १९९३-९४ या वर्षी त्यांना मिळाला ‘चांगला’. चांगला शेरा प्रतिकूल कसा, म्हणून तो कळवला गेला नाही, आणि त्याच शेऱ्याने बढती अडवली! सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये या युक्तिवादातील हवा काढून घेतली. शेऱ्याचे नाव काय यापेक्षा त्याचा परिणाम काय, हे महत्त्वाचे. म्हणून प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे आणि त्यावर दाद मागण्याची संधी दिली पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. देव दत्त तोवर निवृत्त झाले होते. केंद्राने २००९ मध्ये संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचे आदेश काढले, तर २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व कायम केले. महाराष्ट्र शासनाच्या कागदपत्रांतही आता ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ हा शब्द रूढ झाला आहे. नाव बदलल्याने साहेबांची लेखणी धीट होते असे मात्र नाही. शेरा उघड होणार म्हटल्यावर वाद नको म्हणून सर्वांनाच ‘अतिउत्तम’ देऊन मोकळे होण्याचा मोह वाढतो, आणि अशा शेऱ्यातून कोणालाच काही कळत नाही.

हे सारे झाले वरून खाली येणाऱ्या अभिप्रायाविषयी. खालून वर जाणाऱ्या शब्दाचे काय, हा प्रश्न साकीनाक्यात अधिक बोचरा आहे. काचेच्या इमारतींपासून काही मिनिटांवर खैरानी रोडचे गाळे आहेत. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे तेथील एका फरसाणच्या गाळ्याला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार मृत्युमुखी पडले. जेथे काम तेथेच मुक्काम असलेल्या माणसाने जागेच्या सुरक्षिततेविषयी मालकाकडे शब्द काढायचा, तर रोजगार आणि डोक्यावरचे छप्पर दोन्ही एकदम पणाला लागतात. अशा ठिकाणी ‘मोकळेपणाने बोला’ हा व्यवस्थापनशास्त्राचा उपदेश क्रूर थट्टा ठरतो.

कायद्याने या बोलण्याला काही आधार देण्याचा प्रयत्न केला आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांतील कामगारांना नजीकच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला. फरसाणाची कढई अर्थातच त्या व्याख्येत बसत नव्हती. २०१० च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात तक्रार निवारण समिती आली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे, आणि तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात. अट एवढीच, की आस्थापनेत किमान २० कामगार हवेत. पाच-दहा जणांवर चालणाऱ्या गाळ्यात ही समिती स्थापन करण्याचे बंधनच नाही. तेथे तक्रार ऐकणारा आणि मजुरी देणारा माणूस एकच असतो.