डंख नाही, पण दम आहे!

प्रोटीन शेक झाला, ग्रीन टी झाला, आता मधाची पाळी! न्यूझीलंडच्या मनुका मधाची किंमत बघून डोळे पांढरे झाले असतील, तर जरा आपल्या सातपुड्याकडे बघा.

नंदुरबार म्हटलं की आपल्याला आठवते ती लालभडक मिरची. पण जिल्ह्याच्या उत्तरेला, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत महू आणि आंब्याची जुनी झाडं आहेत. अशा झाडांच्या ढोल्या म्हणजे एका चिमुकल्या माशीचं हक्काचं घर. नाव ट्रायगोना, शास्त्रज्ञांच्या नव्या यादीत टेट्रागोनुला. जुने लोक हिला पोयाची माशी म्हणतात. उंची जेमतेम चार मिलिमीटर, आणि डंख? तो मारताच येत नाही!

हिचा खरा फंडा आहे पॅकिंगचा. इतर माश्या मेणाच्या षट्कोनी खणांत मध भरतात. ही बाई मेणात झाडांची राळ मिसळून इवलीइवली मडकी घडवते. झाडांच्या याच राळेपासून माश्या प्रोपोलिस बनवतात. त्यातली फिनॉल्स आणि फ्लॅव्होनॉइड्स मधात उतरतात, म्हणून हा मध अँटिऑक्सिडंट. शिवाय तो आंबट असतो, आणि त्यातल्या एन्झाइममुळे थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जंतूंना हे कॉम्बिनेशन अजिबात मानवत नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांना काही देशांतल्या डंखहीन माश्यांच्या मधात ट्रेहॅल्युलोज नावाची साखर भरपूर सापडली. ही साखर रक्तात सावकाश उतरते.

सॉलिड ना? पण थांबा बॉस, प्रयोगशाळेतली काचेची बशी म्हणजे तुमचा घसा नव्हे. बशीत जंतू मेले म्हणून डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही. डायबिटिस असेल तर हाही मध मोजूनच. प्रोपोलिसची काहींना अ‍ॅलर्जी असते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध चाटवायचा नाही, आजी कितीही रागावली तरी!

आता खरेदी. हा मध पातळ असतो. एफएसएसएआयच्या नियमानुसार मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. यात ते बऱ्याचदा २५च्या वर जातं. मलेशियाने २०१७ मध्ये अशा मधासाठी वेगळं मानकच केलं. म्हणून 'पातळ म्हणजे भेसळ' हे इथे सरसकट लागू होत नाही. उलट दाट, गोडमिट्ट आणि ढीगभर मिळत असेल तर डाउट घ्या. एका घरट्यातून वर्षाला निघतो तोच काही शे ग्रॅम.

आणि तो काढताना ढोली फोडली, अंडी-पिल्लं गेली, की पुढच्या वर्षी शून्य. केरळात बांबूच्या नळ्यांत, मातीच्या मडक्यांत या माश्या पाळतात; मधाची मडकी तेवढी काढून घेतात, पिल्लांना हात लावत नाहीत. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा कुटुंबांनाही हे जमू शकेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातला मध आणि मेण गोळा करून विकण्याचा हक्क त्यांना दिलाच आहे.

माझा नियम साधा आहे. विक्रेत्याला विचारायचं, 'घरटं शाबूत आहे का?' उत्तर पटलं तर भाव करायचा नाही. मॉलमध्ये मनुकाचा भाव आपण कुठे करतो?