ओळखीचा आहे, मग कागद कशाला?

काही वाक्ये आपल्या मराठी मध्यमवर्गाच्या जिभेवर अशी बसली आहेत की ती बोलताना आपण विचारच करत नाही. "ओळखीचा आहे हो, कागद कशाला?" हे त्यातलेच एक. दागिना घडवायला टाकताना, खोली भाड्याने देताना, फ्लॅटची गॅलरी बंद करून घेताना, हातउसने पैसे देताना, सगळीकडे ते चालते. लेखी मागितले तर समोरचा दुखावेल आणि आपण संशयी ठरू, ही भीती. आज मला या वाक्याविरुद्ध जरा रागानेच लिहायचे आहे. कारण हे वाक्य सातासमुद्रापार अमेरिकेतही सुखाने नांदते आहे, आणि तिथे ते अशा एका वस्तूला लावले जाते की जी चुकली तर माणसांचा जीव घेते.

ती वस्तू म्हणजे डेक.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिकडच्या घरांना मागे परस असते. मागच्या दारातून बाहेर पडले की घराला लागून लाकडाचा एक मोठा ओटा असतो, खांबांवर उचललेला. उन्हाळ्यात सगळे कुटुंब त्यावरच असते. जेवणे, पाहुणे, मुलांचे वाढदिवस, सगळे तिथेच. माझ्या मुलाने न्यू जर्सीतल्या घराला असा डेक २०२४ च्या उन्हाळ्यात बांधून घेतला. मी तेव्हा तिकडेच होते. निवृत्त शिक्षिकेला परदेशात काम काय? सगळे लक्ष देऊन ऐकणे आणि मधूनमधून प्रश्न विचारणे, हेच.

त्या काळात ज्या ज्या मराठी घरी जेवायला गेलो तिथे सल्ला एकच मिळाला. आमच्या ओळखीचा एक आहे, त्याला सांगा. फोटो दाखवा, तसा करून देईल, नकाशा वगैरे नको. रोख द्या, स्वस्तात होईल. आणि टाउनशिपचे परमिट मुळीच काढू नका, घरपट्टी वाढते. "काकू, तुम्हीच समजवा त्याला, उगाच पैसे घालवतोय." सांगणारे सगळे शिकलेले, मोठ्या हुद्द्यांवरचे. ऑफिसात दोन ओळींच्या निरोपाचीही नोंद ठेवणारे!

मला वाटते आपली गफलत 'ओटा' या शब्दापासूनच सुरू होते. आपला ओटा भरीव. दगड, माती, मुरूम घालून ठोकून बसवलेला. तो बिघडला तर खचेल, भेगाळेल, पण कोणाला घेऊन कोसळणार नाही. त्यामुळे ओटा बांधणे ही आपल्याला फारशी जोखमीची गोष्ट वाटत नाही. डेक आतून पोकळ असतो. तो एका बाजूने खांबांवर उभा असतो आणि दुसऱ्या बाजूने बहुधा घराच्या भिंतीला लटकलेला असतो. त्यावर वीस-पंचवीस माणसे एकदम उभी राहिली तर सगळा भार जातो तो न दिसणाऱ्या तीन जागी.

पहिली जागा म्हणजे खांबांखालचे खड्डे. थंडीत तिथली जमीन खोलवर गोठते. पाणी गोठले की त्याचे आकारमान वाढते, हे आपण शाळेतच शिकतो. खांबाचा पाया या गोठणाऱ्या थराच्या वरच संपला तर दर हिवाळ्यात जमीन त्याला वर ढकलते. म्हणून न्यू जर्सीत साधारण ३ फूट खोल जावे लागते, आणखी उत्तरेला त्याहून जास्त.

दुसरी जागा म्हणजे घराच्या भिंतीला बसवलेली आडवी जाड फळी. तिला लेजर म्हणतात. ती नुसत्या खिळ्यांवर ठोकायची नसते, कारण भार आला की खिळे हळूहळू उपसून बाहेर येतात. तिथे बोल्ट किंवा जाड स्क्रूच हवेत, असे अमेरिकेतली बहुतेक राज्ये ज्या बांधकाम नियमावलीचा आधार घेतात त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. शिवाय फळीच्या वर पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी अशी बसवावी लागते की पावसाचे पाणी भिंतीत मुरणार नाही. पाणी मुरले की लाकूड आतून कुजते, आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो.

तिसरी जागा म्हणजे लोखंड. घरगुती बांधकामाचे लाकूड टिकवायला पूर्वी जे आर्सेनिकयुक्त रसायन वापरत, ते तिथल्या उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस बंद केले. त्याच्या जागी तांब्याचे प्रमाण जास्त असलेली रसायने आली. माणसाला ती बरी, पण साध्या खिळ्यांना ती लवकर गंजवतात. म्हणून जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच खिळे, स्क्रू आणि जोडपट्ट्या लागतात.

आता सांगा, फोटो दाखवून यातले काय ठरते? वरच्या फळ्यांचा रंग ठरतो. आमच्या ओळखीच्या घरांत त्या रंगावर तीन-तीन संध्याकाळी चर्चा झाल्या! खड्डा किती खोल, हे एकानेही विचारले नव्हते. आणि खड्डा पुरता एक-दोन दिवसच उघडा असतो. काँक्रीट ओतले की तो पुन्हा कोणालाही मोजता येत नाही. बांधणाऱ्यालाही नाही.

परमिटचे सगळे मोल इथे आहे. परमिट काढले की टाउनशिपचा इन्स्पेक्टर कामाच्या मध्ये येऊन पाहतो. काँक्रीट ओतण्याआधी खड्डे पाहतो. सांगाडा उभा राहिला की जोड पाहतो. शेवटी कठडा आणि पायऱ्या पाहतो. डेक जमिनीपासून अडीच फुटांहून उंच असेल तर कठडा किमान ३ फूट उंच हवा, आणि त्याच्या गजांमधून ४ इंचांचा चेंडू पलीकडे जाता कामा नये. हा नियम कोणा कारकुनाच्या डोक्यातून निघालेला नाही. रांगणारे मूल गजांतून निसटू नये म्हणून तो आहे. माझी धाकटी नात तेव्हा नुकतीच चालू लागली होती, त्यामुळे मला तरी तो जाचक वाटला नाही.

जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्यामुळे मला एक कळते. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तो तपासायचा नसतो. मुलगा कितीही गुणी असो. या सगळ्या व्यवहारात कॉन्ट्रॅक्टरला काम उरकायचे असते, मालकाला पैसे वाचवायचे असतात. ज्याला दोन्हींत काही मिळायचे नाही असा माणूस एकच, तो इन्स्पेक्टर. आणि आपले हुशार लोक नेमका त्यालाच वगळून पैसे वाचवतात! मुलाच्या डेकचा कॉन्ट्रॅक्टर चांगला, नावाजलेला होता. तरीही एक खड्डा चार बोटे कमी भरला. इन्स्पेक्टरने मोजला, सांगितले, कामगारांनी अर्ध्या तासात खोल केला, विषय संपला. कोणी कोणावर रागावले नाही. परमिट नसते तर ती चार बोटे जन्मभर तशीच राहिली असती.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला म्हणजे घरपट्टी वाढते. वाढू शकते, खरे आहे. घराची किंमत वाढली तर कर वाढणार. पण घर विकताना हाच डेक जाहिरातीत घालून तुम्ही जास्त किंमत मागणार ना? मग किंमत मोजताना डेक आहे आणि कर भरताना डेक नाही, हा कोणता हिशेब? शिवाय घेणाऱ्याने परमिटचा कागद मागितला की मग धावपळ होते ती वेगळीच.

दुसरा आक्षेप असा की परवानगी म्हणजे खाबूगिरीचे कुरण. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे एका सहीसाठी चार टेबले फिरलेल्या माणसाला परवानगी या शब्दाचीच चीड असते आणि ती रास्त आहे. पण त्यातून आपण धडा कोणता घ्यायचा? तपासणारा प्रामाणिक हवा, हा की तपासणीच नको, हा? आपण दुसरा धडा घेतला आणि तो सामानात भरून विमानाने तिकडे नेला.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. परवानगी असूनही सज्जे पडतातच की! पडतात. कॅलिफोर्नियात बर्कली इथे १६ जून २०१५ रोजी इमारतीचा सज्जा तुटून ६ तरुण गेले. त्यातले ५ जण आयर्लंडहून सुट्टीत आलेले विद्यार्थी. आत पाणी मुरून लाकूड कुजले होते. पण त्या राज्याने त्यावर काय केले? तपासणी निरुपयोगी म्हणून सोडून दिली नाही. २०१८ मध्ये कायदा करून अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींतले असे सज्जे ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासणे सक्तीचे केले. आणि दुसरे उदाहरणही ऐका. शिकागोत २९ जून २००३ रोजी मध्यरात्रीनंतर, घरातली पार्टी चालू असताना, मागचा लाकडी मजलेवार सज्जा कोसळला. १३ जण गेले, ५० हून अधिक जखमी झाले. तो परवानगीशिवाय बांधला होता, असे शहराच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले. त्यावर उभे असलेल्या एकालाही ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विनापरवाना बांधणारा जोखीम स्वतःवर घेतो असे म्हणतात, पण पडतात ते पाहुणे.

आता कागदाकडे येते. न्यू जर्सीने २००४ मध्ये घरदुरुस्तीच्या कॉन्ट्रॅक्टरांच्या नोंदणीचा कायदा केला. ५०० डॉलरच्या वरचे काम असेल तर करार लेखीच हवा. त्यात नोंदणी क्रमांक, पत्ता, कामाचे वर्णन, एकूण रक्कम, सुरू आणि संपण्याच्या तारखा हव्यात, विम्याच्या प्रमाणपत्राची प्रत जोडलेली हवी, आणि सही केल्यावर कामाच्या तीन दिवसांत ग्राहकाला करार रद्द करता येतो. कॅलिफोर्नियात तर कॉन्ट्रॅक्टरला आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा एकूण रकमेच्या १० टक्के, यातली जी कमी असेल तेवढीच घेता येते. म्हणजे तिथल्या सरकारनेच तुमच्या वतीने संकोच सोडला आहे. तुम्हाला फक्त सही करायची आहे. तरी आपण म्हणणार, "राहू दे हो, आपल्यातलाच आहे."

विम्याबद्दल दोन शब्द. हे काम उन्हात करणारे बरेचसे लोक मेक्सिको, ग्वाटेमाला अशा देशांतून आलेले गरीब कामगार असतात. त्यांच्यापैकी कोणी शिडीवरून पडला तर दवाखान्याचे कोण पाहणार? विमा नसलेला कॉन्ट्रॅक्टर स्वस्त पडतो तो याच जागी. ती सूट आपण कामगाराच्या हाडांवर मिळवलेली असते. तिला काटकसर म्हणवत नाही मला.

आणि सगळ्यांत वाईट हे की या सवयीने आपण चांगल्या माणसालाच शिक्षा करतो. जो कॉन्ट्रॅक्टर विमा भरतो, परमिटचे पैसे धरतो, खड्डा पुरेसा खणतो, त्याचे एस्टिमेट अर्थातच जास्त येते. शेजारी दुसरा निम्म्यात करायला तयार असतो. आपण दोन्ही आकडे शेजारी ठेवतो आणि पहिल्याला 'महागडा' म्हणतो. दोघांकडून एकाच नकाशावर, एकाच यादीवर किंमत मागितली असती तर कळले असते की ते दोन वेगवेगळ्या वस्तूंचे भाव होते.

कागद मागितल्याने मैत्री तुटते म्हणणाऱ्यांनी एकदा आठवून पाहावे, आपल्या भोवतीच्या किती ओळखी कागद असल्यामुळे तुटल्या आणि किती नसल्यामुळे? "मी असे म्हटलेच नव्हते" या एका वाक्याने तुटलेली नाती मी पुष्कळ पाहिली आहेत. तोंडी बोललेले दोघेही खरेपणानेच वेगवेगळे आठवत असतात. कागद दोघांच्याही स्मरणशक्तीला सांभाळून घेतो. तो चांगल्या माणसाचा अपमान कसा होईल?

असो. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांची मुले तिकडे आहेत. उद्या फोनवर ती म्हणतील, "आई, डेक बांधतोय." तेव्हा रंग कोणता, हे नंतर विचारा. आधी विचारा, परमिट निघाले का? करारात तारखा आणि पैशांचे टप्पे लिहिले आहेत का? विम्याचा कागद पाहिलास का? खणण्याआधी ८११ ला फोन केलास का? (हा क्रमांक २००७ पासून सबंध देशात आहे. जमिनीखालची गॅसची नळी आणि विजेची तार कुठून जाते ते खुणा करून देतात.) आणि खड्डा मोजायला कोण येणार आहे?

मुले चिडतील. म्हणतील, तुला काय कळते त्यातले. चिडू द्यात. त्या डेकवर आपली नातवंडे खेळणार आहेत.