दिरहमचा गुणाकार आणि पंधरा दिरहमचा स्पीकर

आमचा धंदा कापडाचा. घर कुसगावात, दुकान लोणावळ्याच्या बाजारात आणि माल मुंबईच्या मंगलदास मार्केटातून नाही तर भिवंडीहून आणावयाचा, एवढेच आमचे जग. तेव्हा लॅपटॉपला जोडावयाच्या स्पीकरवर आम्ही लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या स्पीकरपायी आमच्या घरात एका दादीचे आणि तिच्या नातीचे बोलणे दोन महिने बंद पडले होते आणि त्यात दोष आमचाही होता. ज्यांची मुले आखातात किंवा इतरत्र परदेशी शहरात राहतात, अशा वाचकांनी हा हिशेब जरूर पाहावा.

आमचा पुतण्या कुसगावच्याच सिंहगड संस्थेच्या कॉलेजात शिकला आणि दुबईला नोकरीस गेला. पहिली काही वर्षे करामा भागात सहा माणसांच्या खोलीत एका खाटेचे भाडे भरून राहिला. आता बायको-मुलीसह एका खोलीत राहतो. मुलगी सहा वर्षांची, तिथेच वाढलेली. आमच्या भाभी, म्हणजे त्याची अम्मी, रोज रात्री नऊला लॅपटॉपसमोर बसून नातीला उर्दूची अक्षरे आणि मराठी बोलणे शिकवीत. आपले नऊ म्हणजे तिथले साडेसात. अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून नुसता संदेश जातो, बोलता येत नाही. म्हणून बोटिम नावाच्या अॅपवर हा वर्ग चाले.

अडचण आवाजाची. भाभींचे पुढचे दात गेलेले, आवाज बारीक. तिकडे एसी सतत घरघरणारा. लॅपटॉप जितका पातळ, तितका त्यातला स्पीकर चिमुकला. शिवाय पुष्कळ लॅपटॉपांत तो खालच्या बाजूस असतो, म्हणजे आवाज माणसाकडे न येता टेबलाकडे जातो. भाभी ‘फळ’ म्हणत, मुलीला ‘फल’ ऐकू येई. ‘ळ’ तिच्या जिभेवर बसेना.

पुतण्याने आम्हाला फोन करून सांगितले, “चाचा, पासष्ट दिरहमचे चांगले स्पीकर आहेत, घेऊ का?” आम्ही लगेच तेवीसने गुणिले. “दीड हजार रुपये? अरे बेटा, एवढ्यात आपल्या दुकानात दोन चांगले शर्टपीस येतात. स्वस्तातले बघ.” वडीलधाऱ्याचा शब्द त्याने मानला. एका दुकानातून पंधरा दिरहमचा जोड आणला. लॅपटॉपला लावताच त्यातून भुणभुण सुरू झाली, बोलणे त्यात बुडाले. परत करावयास गेला तर दुकानदाराने पेटी फोडलेली आहे म्हणून हात झटकले. मग तीस दिरहमचा बिनतारी ब्लूटूथचा डबा आणला. त्यातून आवाज किंचित उशिराने येई. आधीच कॉल एका देशातून दुसऱ्या देशात जातो, तिथे थोडा वेळ जातो. त्यात ही भर. दादी आणि नात एकमेकींच्या बोलण्यावर बोलू लागल्या. मुलगी कंटाळून उठून पळू लागली. भाभींनी काय समजावे? पोरीला आता आपली गरज उरली नाही, असे समजून त्यांनी स्वतःहूनच वर्ग थांबविला आणि कारणही कोणास सांगितले नाही.

2024 साली आम्ही कामानिमित्त दुबईस गेलो, तेव्हा हे सर्व कळले. पंचेचाळीस दिरहम गेलेच होते. बाकी जे गेले ते वहीत मांडता येत नाही.

आता आमच्या चुकीकडे येतो, कारण ती आमची एकट्याची नाही. परदेशात राहणारा मुलगा प्रत्येक वस्तूची किंमत मनात रुपयांत करतो आणि इथले आम्ही वडीलधारे तर मोठ्याने करतो. दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 3.6725 दिरहम. म्हणून डॉलर चढला की आपल्या लेखी दिरहमही चढतो. 1999 मध्ये डॉलर 43 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दिरहम पावणेबारा. 2024 मध्ये डॉलर 83-84 रुपयांचा होता, म्हणजे दिरहम बावीस-तेवीस. पंचवीस वर्षांत दुबईतली तीच वस्तू त्याच दिरहमला मिळाली, तरी आमच्या गुणाकारात ती दुप्पट महाग झाली. पण मुलाचा पगारही दिरहमातच होतो, हे आम्ही विसरतो. घरी पाठवावयाच्या रकमेला रुपयांचा हिशेब योग्य. तिथे राहून रोज वापरावयाच्या वस्तूला तिथलाच पगार मापाला घ्यावा. पासष्ट दिरहम म्हणजे महिन्याच्या पगारातला कितवा हिस्सा, एवढेच विचारावयास हवे होते. आम्ही शर्टपीस विचारला.

याचा अर्थ महाग ते चांगले, असा मुळीच नाही. आम्ही व्यापारी आहोत, फाजील खर्चाची वकिली करणार नाही. स्वस्त आणि खोटे यांतला फरक मात्र ओळखता आला पाहिजे. कापडात आम्ही तो एका धाग्यावर ओळखतो. सुती म्हणून दिलेल्या कापडाचा धागा जाळावा. सूत असेल तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. स्पीकरलाही अशीच एक परीक्षा आहे आणि ती पुतण्याने आम्हाला समजाविली.

लॅपटॉपच्या यूएसबी खाचेतून वीज मिळते ती मोजकी. जुन्या 2.0 प्रकारात 5 व्होल्टला अर्धा अँपियर, म्हणजे अडीच वॉट. 3.0 प्रकारात साडेचार वॉट. आता त्याच खाचेवर चालणाऱ्या स्पीकरच्या पेटीवर कोणी पाचशे वॉट छापले असेल तर ती वीज येते कुठून? या आकड्यापुढे बहुधा ‘पीएमपीओ’ ही अक्षरे असतात. तो क्षणभराच्या कमाल आवाजाचा कागदी आकडा आहे आणि त्याला कसलेही ठरलेले माप नाही. खरे माप ‘आरएमएस’, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती ताकद. नावाजलेल्या कंपन्यांचे आकडे पाहा. लॉजिटेकच्या झेड 120 या लहान जोडावर कंपनीने 1.2 वॉट लिहिले. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने आपल्या पेबलवर 4.4 वॉट लिहिले. दोन्ही यूएसबीच्या विजेवर चालणारे. आमचा तजुर्बा असा की ज्याचा पन्ना खरोखर चव्वेचाळीस इंची, तो चव्वेचाळीसच सांगतो. साठ सांगणाऱ्याच्या ताक्याला आधी टेप लावावी.

शिवाय बोलणे ऐकावयास ताकद लागते तरी किती? जुन्या टेलिफोनने 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात साऱ्या जगाची बोलणी वाहून नेली. धमधम करणारा वूफर गाण्यासाठी आणि सिनेमासाठी. घरची बोलणी, मुलांचे शिक्षण, बातम्या एवढेच काम असेल तर त्या मोठ्या डब्याचे पैसे भरू नयेत. दोन लहान स्पीकर, तोंड आपल्याकडे, तारेने जोडलेले, आवाजाचे बटण पुढे, एवढे पुष्कळ. मायक्रोफोनपासून ते जरा लांब ठेवावेत, नाही तर दादीला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. यूएसबीच्या विजेवर चालणारे घेण्यात आणखी एक सोय आहे. दुबईत भिंतीतले प्लग इंग्लंडसारखे चौकोनी पिनांचे, आपले गोल पिनांचे. अमेरिकेत तर वीजच 120 व्होल्टची, तिथला भिंतीवरचा स्पीकर इथे थेट लावला तर जळावयाचा. यूएसबीला देश नाही.

जो सहा जणांच्या खोलीत राहतो त्याने मात्र स्पीकर घेऊच नये. रात्रपाळी करून झोपलेल्या सोबत्याचाही त्या खोलीवर हक्क आहे. त्याने कानाला लावावयाचे घ्यावेत.

घ्यावे कुठून? बर दुबईत खालिद बिन अल वलीद रस्त्याच्या परिसरात, अल ऐन सेंटर आणि आसपास संगणकाची दुकानेच दुकाने आहेत. आम्ही पुतण्यास घेऊन तिथे गेलो. खाडीकाठचा कापडबाजार तिथून लांब नाही, आमचे पाय तिकडेच वळत होते हे कबूल करतो. दुकानात आम्ही एकच अट घातली: आमच्या लॅपटॉपला लावून ऐकू, मग पैसे देऊ. दोन दुकानांनी नकार दिला, तिसऱ्याने हसून खुर्ची दिली. गाणे लावले नाही. भाभींचा जुना ध्वनिसंदेश लावला आणि एसीखाली उभे राहून ऐकला. तिथे 1 जानेवारी 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे. बिल नको, तेवढे कमी करतो, असे कोणी म्हटले तर ते पाच टक्के वाचवू नयेत. 2020 च्या 15 क्रमांकाच्या ग्राहक कायद्याने सदोष वस्तू दुरुस्त करून, बदलून किंवा पैसे परत मागण्याचा हक्क दिला आहे, पण दाखवावयास कागद हवा. पुतण्याच्या पहिल्या खरेदीचे बिलच नव्हते.

परक्या शहरात गरीब गिऱ्हाईक किती एकटे असते, याचे एक उदाहरण सर्वांनी वाचले असेल. 2014 साली सिंगापूरच्या सिम लिम स्क्वेअर या इलेक्ट्रॉनिक बाजारात व्हिएतनामच्या एका कारखाना कामगाराने फोन घेतला. पैसे दिल्यावर वॉरंटीचे म्हणून त्याच्याकडे आणखी मोठी रक्कम मागितली गेली आणि तो पैसे परत मिळावेत म्हणून दुकानात गुडघे टेकून रडला. पुढच्या वर्षी त्या दुकानदारास कैद झाली. एकूण किती, वॉरंटी धरून किती, हे पैसे काढण्याआधी कागदावर लिहून घ्यावे आणि भाषा कच्ची असेल तर सोबत कोणी न्यावे.

आम्ही घेतलेला जोड पासष्टचा होता, घासाघीस करून साठला मिळाला. त्या रात्री साडेसातला आम्हीच कुसगावला कॉल लावला. भाभी आधी लॅपटॉपसमोर बसावयास तयार नव्हत्या. मुलीने खणखणीत आवाजात “दादी, फळ” म्हटले, तशा त्या बसल्या. वर्ग पुन्हा रोज भरतो.

पहिला पंधरा दिरहमचा जोड आम्ही पिशवीत घालून घरी आणला. दुकानात येणाऱ्या सिंहगडच्या एका विद्यार्थ्याने तो खोलून दाखविला. आत रुपयाएवढा स्पीकर, आणि हाताला जड लागावा म्हणून तळाशी चिकटविलेली लोखंडाची चकती. हलक्या कापडाला खळ पाजून अंग आणतात, ते आम्ही तीस वर्षे ओळखत आलो आहोत. ही चकती आता आमच्या गल्ल्याशेजारी असते, कागद उडू नयेत म्हणून.