भिंतीआधी पाण्याची वाट

मुळशीत डोंगरउतारावर बंगला बांधणारा माणूस संरक्षक भिंतीवर सढळ हाताने खर्च करतो. दगड कोणता लावायचा, उंची किती ठेवायची, वर रेलिंग कसले हवे, यावर घरात बैठका होतात. त्या भिंतीमागे मुरणारे पाणी कुठून बाहेर पडेल आणि पुढे कुठे जाईल, हे मात्र पहिली झड लागेपर्यंत कुणी विचारत नाही. भूगाव-पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंत फार्म हाउस, रिसॉर्ट आणि प्लॉटिंग ज्या वेगाने वाढते आहे, तो पाहता हा प्रश्न एकेका मालकाच्या मर्जीवर सोडण्यासारखा उरलेला नाही. या तालुक्यात भिंत, फरसबंद अंगण किंवा पायवाट बांधण्याआधी पाण्याची वाट आखणे सक्तीचे व्हायला हवे, आणि ती वाट प्लॉटच्या कुंपणापाशी संपता कामा नये.

आधी पाऊस समजून घेऊ. पुणे शहरात वर्षभरात सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीत अवघ्या चोवीस तासांत 550 मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. त्याच मुसळधारेत, 25 जुलैला, मुळशीतल्याच लवासात दोन बंगल्यांवर दरड कोसळली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने 11 गुंठ्यांच्या, म्हणजे सुमारे 1,100 चौरस मीटरच्या प्लॉटवर 300 मिलिमीटर पावसाच्या दिवशी 3 लाख 30 हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे 33 टँकर एका दिवसात अंगणात रिकामे करावेत, तेवढे हे पाणी आहे. त्यात वरच्या डोंगरावरून वाहत येणारे पाणी धरलेलेच नाही. तरीही पुण्यातल्या कोथरूड-बाणेरच्या सोसायटीत चालून गेलेली गटारे आणि पाइप तसेच्या तसे इथे बसवले जातात. मुळशीच्या पूर्व भागात आणि घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसातही मोठे अंतर आहे. हिंजवडीला पुरेल तो नाला ताम्हिणीच्या अंगाला पुरेलच असे नाही.

या पाण्याचा भिंतीवर काय परिणाम होतो, हे अभियांत्रिकीच्या साध्या गणितात दिसते. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे कोरडा मुरूम असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टनांचा आडवा रेटा येतो. तोच मुरूम वरपर्यंत पाण्याने भरला, तर एकट्या पाण्याचाच रेटा साडेचार टन होतो. त्यात भिजलेल्या मातीचा दीडेक टन मिळवला की बेरीज सहा टनांवर जाते. म्हणजे माती तीच, भिंत तीच, पण भार दुपटीहून जास्त. भिंतीला आधी पोट सुटते, मग सांधे उघडतात आणि एखाद्या रात्री ती पुढे झुकते. हा जादा रेटा सोसेल एवढी जाड भिंत बांधता येते, पण पाणी बाहेर काढणे तिच्यापेक्षा किती तरी स्वस्त पडते. त्यासाठी भिंतीला लागून खडीचा किंवा दगडगोट्यांचा थर, माती अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड, तळाशी भोकांचा पाइप आणि भिंतीतून आरपार जाणारी, पाणी बाहेर सोडणारी भोके (वीप होल) एवढे पुरते. यात नवे काहीच नाही. डोंगराळ भागातल्या संरक्षक भिंतींसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस 14458 हे मानक गेल्या शतकाच्या अखेरीपासून उपलब्ध आहे. प्रत्यक्षात मात्र वीप होलमागे खडीऐवजी थेट चिकण माती भरली जाते आणि ती दोन पावसाळ्यांत बुजतात, नाही तर शोभेच्या दगडाखाली पहिल्याच वर्षी झाकली जातात.

अंगण आणि पायवाटेचा यात वाटा आहे, पण तो लक्षात येत नाही. उतारावर सपाट जागा हवी म्हणून जेसीबीने वरची बाजू कापायची आणि निघालेला मुरूम खालच्या बाजूला लोटून भराव करायचा, ही इथली रूढ पद्धत. तो भराव थराथराने दाबला नाही तर बसतो, वरची फरशी खचते आणि ढाळ उलटा होऊन पाणी भिंतीकडे किंवा घराच्या जोत्याकडे धावते. फरसबंद अंगणाला निदान पन्नासास एक ढाळ हवा, म्हणजे तीन मीटरला सहा सेंटिमीटर, आणि तो घरापासून दूर, पण भिंतीच्या माथ्यावरच्या नालीत उतरणारा हवा. डोंगराच्या बाजूने येणारे पाणी तर अंगणापर्यंत पोहोचूच नये. त्यासाठी वरच्या अंगाला अडवणारा चर खणावा लागतो. उतरत्या पायवाटेवर ठरावीक अंतराने आडवी नाली नसेल, तर ती पायवाट पावसाळ्यात ओहोळ बनते आणि आपल्याबरोबर काठाची मातीही घेऊन जाते. मावळातल्या भातखाचरांच्या बांधांना पाणी काढून द्यायची जागा राखलेली असते, कारण ती नसेल तर बांध फुटतो, हे पिकवणाऱ्याला पक्के ठाऊक असते. जुन्या शेतकऱ्याने कागदावर न मांडता पाळलेला हा नियम नव्या बंगल्याच्या नकाशात मात्र सापडत नाही.

यावर एक आक्षेप पर्यावरणाची काळजी असलेल्यांकडून येतो. पाणी बाहेर कशाला काढायचे, जिरवा की, असे ते म्हणतात. सपाट जमिनीवर हे म्हणणे योग्यच आहे आणि मोठ्या प्लॉटना पावसाचे पाणी साठवण्या-जिरवण्याची अट नियमांतही आहे. पण उतारावर, भिंतीच्या मागे दोन-चार मीटरवर शोषखड्डा घेणे म्हणजे भिंतीच्या पाठीत स्वतःहून पाणी भरणे. भरावावर घातलेले पाणी झिरपणारे पेव्हर ब्लॉकही हेच करतात. पाणी जिरवायचे ते मूळ, न हललेल्या जमिनीत आणि भिंतीपासून लांब. छपराचे पाणी तर टाकीतच घ्यावे, कारण मुळशीतल्या अनेक वस्त्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. पाणी जिरवणे आणि पाणी काढणे एकमेकांच्या विरोधात नाही. कुठे काय करायचे, हे ठरवणारा आराखडा मात्र हवा.

दुसरा आक्षेप नियतीवादी आहे. एका दिवसात पाचशे मिलिमीटर कोसळल्यावर कुठली भिंत टिकणार, असा तो सवाल. दरड पूर्ण डोंगर घेऊन आली तर वीप होल काही वाचवत नाहीत, हे कबूल. पण माणसे मारणारी प्रत्येक भिंत अशा प्रलयात पडलेली नाही. 29 जून 2019 च्या पहाटे पुण्यात कोंढव्यात सोसायटीची भिंत लगतच्या मजूरवस्तीवर पडून 15 जण गेले. तीनच दिवसांनी पुण्याच्याच आंबेगावात आणखी एक भिंत मजुरांवर कोसळली आणि त्याच रात्री मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत झोपड्यांवर आली. प्रत्येक घटनेची कारणे वेगळी तपासावी लागतात, तरी जोरदार पाऊस आणि भिंतीच्या पायथ्याशी झोपलेली गरीब माणसे हे दोन्ही तिन्ही ठिकाणी होते. भिंत बांधणारा वर राहतो आणि तिचा धोका खालचा सोसतो, म्हणून हा विषय खासगी ठरत नाही.

कायदाही पाण्याकडे कुंपणापलीकडे पाहतो. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिक रीतीने खालच्या जमिनीवर वाहू देणे खालच्या मालकाला भाग आहे. पण हजार चौरस मीटरवरचे पाणी एका सहा इंची पाइपात गोळा करून शेजाऱ्याच्या खाचरात सोडणे याला नैसर्गिक प्रवाह म्हणता येणार नाही. उलट बाजूने, शेतजमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याला बेकायदा अडथळा केला, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदार तो काढायला लावू शकतो. मात्र त्यासाठी सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. एरवी वहिवाटीच्या रस्त्याच्या भांडणात गाजणारे हे कलम ओढा बुजवून केलेल्या प्लॉटिंगलाही लागू करता येते. पण हे सारे नुकसान झाल्यानंतरचे उपाय आहेत. ओढा वळवला, पूल टाकला, वर बंगला उभा राहिला की निकाल कागदावर राहतो.

उरतो तो खर्चाचा आणि परवान्यांचा आक्षेप. चर, खडीचा थर आणि पाइप यांचा खर्च बांधतानाच केला तर तो भिंतीच्या खर्चाचा लहानसा भाग असतो; भिंत पडल्यावर तीच पुन्हा बांधायची, तर आधी ढिगारा उपसण्यापासून सुरुवात करावी लागते. परवानगीचा मुद्दा जास्त गंभीर आहे. आणखी एक कागद म्हणजे आणखी एक टेबल आणि आणखी एक हात, ही लोकांची भीती अनुभवातून आलेली आहे. म्हणून नवी खिडकी उघडूच नये. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) बांधकामाचा नकाशा जातोच. त्याच नकाशावर उंचीच्या समरेषा, जागेवरचे ओहोळ, ढाळाचे बाण, भिंतीमागचा निचरा आणि पाणी सोडण्याचे ठिकाण दाखवणे बंधनकारक करावे. दीड मीटरहून उंच भिंतीला अभियंत्याची सही लागावी. भराव करण्याआधी भिंतीमागच्या थराचे फोटो जोडल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये, कारण एकदा माती भरली की आत काय आहे, हे कुणालाच तपासता येत नाही. ओहोळांची गावनिहाय यादी ग्रामपंचायतीने चावडीवर लावावी, म्हणजे नकाशातून गायब झालेला ओढा गावालाच दिसेल.

नियम होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मुळशीत जागा घेणाऱ्याने जूनआधी नव्हे, जुलैच्या पावसात जागेवर जावे आणि पाणी कुठून येते व कुठे जाते, हे खालच्या शेतकऱ्याला विचारावे. कंत्राटदाराकडून दरपत्रक घेताना भिंतीच्या दराबरोबर निचऱ्याची ओळ स्वतंत्र लिहून मागावी. ती ओळ ज्या दरपत्रकात नाही, ते कितीही स्वस्त असले तरी परत करावे.