सौर-पवन उद्योगातील पगार : अपेक्षा कोणाच्या, पैसा कोणाचा?

खाजगी उद्योगात व्यवस्थापकाच्या जागेसाठी जाणाऱ्या उमेदवाराला दोन प्रश्न हमखास विचारले जातात : सध्याचे वेतन किती, आणि अपेक्षित वेतन किती? सौर आणि पवनऊर्जेच्या उद्योगात यातल्या दुसऱ्या प्रश्नाला आज विशेष महत्त्व आले आहे. उद्योग झपाट्याने वाढत आहे, अनुभवी माणसे थोडी आहेत, आणि औष्णिक वीजकेंद्रे किंवा बांधकाम यांसारख्या क्षेत्रांतून इकडे येणारा व्यवस्थापक साहजिकच वाढीव आकडा सांगतो. परंतु त्याच प्रकल्पाच्या कुंपणाआत पॅनेल धुणाऱ्या, गवत कापणाऱ्या, रात्रभर पहारा करणाऱ्या माणसाला त्याची अपेक्षा काय, हे कोणीही विचारत नाही. त्याचा रोज कंत्राटदार सांगतो आणि तो ऐकून घेतो. अपेक्षा बाळगण्याचा अधिकारच मुळी एका थराला आहे आणि दुसऱ्याला नाही. हा भेद सर्वच उद्योगांत आहे हे खरे; पण जो उद्योग सार्वजनिक आधारावर उभा आहे, त्यात तरी तो निमूटपणे चालू द्यावा काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

गैरसमज होऊ नये म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. सौर आणि पवनऊर्जेला आपला विरोध नाही, असण्याचे कारण नाही. कोळशाच्या राखेत आणि धुरात चंद्रपूरसारख्या गावांनी जे भोगले आहे, ते पाहता ही ऊर्जा वाढलीच पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत देशातील सौरऊर्जेची स्थापित क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. त्याच वर्षी मार्चअखेर पवनऊर्जेने ५० हजार मेगावॉटचा टप्पा गाठला. जून २०२५ पर्यंत जलविद्युत आणि अणुऊर्जा धरून देशाची निम्मी स्थापित क्षमता कोळसा, वायू व तेल यांखेरीजच्या साधनांची झाली. २०३० साठी पाच लाख मेगावॉटचे उद्दिष्ट आहे. एवढ्या मोठ्या उद्योगात वेतनाची घडी कशी बसते, हे आताच ठरत आहे. ती एकदा घट्ट बसली की मोडणे किती कठीण असते, हे गिरण्यांचा आणि साखर कारखान्यांचा इतिहास जाणणाऱ्यांना सांगायला नको.

उद्योग खाजगी किती?

व्यवस्थापकांच्या भरमसाट वेतनाविषयी प्रश्न काढला की एक ठरावीक उत्तर मिळते : कंपनी खाजगी आहे, पैसा भागधारकांचा आहे, तुम्हाला विचारण्याचा अधिकार काय? हे उत्तर साबणाच्या किंवा कापडाच्या कारखान्याबाबतही पुरेसे नाही. सौर-पवन उद्योगाबाबत तर ते सरळसरळ चुकीचे आहे.

या उद्योगाचा माल कोण विकत घेतो? प्रामुख्याने राज्यांच्या वीज वितरण कंपन्या, आणि त्याही बहुधा २५ वर्षांच्या कराराने. जोवर तांत्रिक अडचण नाही, तोवर ही वीज घेतलीच पाहिजे, असा नियम आहे. ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांना आंतरराज्य पारेषणाचे शुल्क पूर्ण माफ होते. आयकरात वेगवर्धित घसाऱ्याची सवलत होती आणि आहे. २०१७ पूर्वी ती ८० टक्के होती, नंतर ४० टक्के झाली. जमीन अनेक ठिकाणी शासनाने मिळवून दिली. गिऱ्हाईक निश्चित, भाव निश्चित, मुदत निश्चित. असा धंदा चालविण्यात कौशल्य लागत नाही असे नाही. परंतु जोखमीचा मोबदला म्हणून जे वेतन मागितले जाते, त्या जोखमीचा मोठा भाग जनतेने आधीच आपल्या अंगावर घेतलेला आहे.

विजेचा भाव उतरला, याचेही श्रेय व्यवस्थापकीय कर्तृत्वाला दिले जाते. राष्ट्रीय सौर अभियानाच्या २०१० सालच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैसे होती; डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात ती १ रुपया ९९ पैशांवर आली. घसरण विलक्षण आहे खरी. पण तिचे मुख्य कारण जागतिक बाजारात, विशेषतः चीनमधील प्रचंड उत्पादनामुळे, पॅनेलांच्या किमती कोसळल्या हे आहे. कर्ज स्वस्त झाले, हे दुसरे. कमीत कमी बोली लावणाऱ्याला काम मिळण्याच्या या पद्धतीत पॅनेलची किंमत जगाचा बाजार ठरवतो आणि व्याज बँक ठरवते. व्यवस्थापकाच्या हाती काटकसरीसाठी उरते ती जमिनीचे भाडे आणि मजुरी. मग याच काटकसरीबद्दल त्याला वर्षअखेर बक्षिसी मिळावी, यात कोणता न्याय आहे?

कायद्याची चाळणी

व्यवस्थापकीय मोबदल्यावर कायद्याचे बंधन नाही असे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १९७ व्या कलमानुसार सार्वजनिक कंपनीच्या संचालक-व्यवस्थापकांचा एकूण मोबदला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. पूर्वी ही मर्यादा ओलांडण्यास केंद्र सरकारची परवानगी लागे. २०१७ च्या दुरुस्तीने, जी सप्टेंबर २०१८ पासून अमलात आली, ती अट गेली. आता भागधारकांचा विशेष ठराव पुरतो. आणि मुळात हे कलम खाजगी मर्यादित कंपन्यांना लागूच नाही. एकेका प्रकल्पासाठी एकेक वेगळी कंपनी काढण्याची या उद्योगातील सर्रास रीत पाहता, चाळणीची भोके केवढी आहेत, हे ध्यानात येईल.

याच कलमात आणखी एक चांगली तरतूद आहे. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीने प्रत्येक संचालकाचा मोबदला आणि कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन यांचे गुणोत्तर दरवर्षी जाहीर केले पाहिजे. सर्व कर्मचारी वेतनाच्या क्रमाने उभे केले तर बरोबर मधल्या माणसाचे जे वेतन, ते मध्यक. पण या रांगेत उभे कोण असते? कंपनीच्या हजेरीपटावरचे अभियंते, हिशेबनीस, कार्यालयातले कर्मचारी. पॅनेल धुणारे आणि पहारा करणारे कंत्राटदाराचे असतात, म्हणून ते रांगेतच नसतात. सर्वांत खालची माणसे मोजणीतून वगळल्यावर मधला माणूस आपोआप वर सरकतो आणि विषमता कागदावर सौम्य दिसू लागते. जाहीर होणारे गुणोत्तर कायद्याने बिनचूक असते आणि वस्तुस्थितीने खोटे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी यात भरच घातली आहे. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावू नयेत, असे नवी संहिता म्हणते. पण स्वच्छता, पहारा, बागकाम ही कामे ती सर्वसाधारणपणे मुख्य कामातून वगळते. पॅनेल धुणे ही ‘स्वच्छता’ आणि पॅनेलांवर सावली पाडणारे गवत कापणे हे ‘बागकाम’, असे म्हणण्यास मालकांना यामुळे मोकळी वाट मिळते. वस्तुतः धुळीने माखलेले पॅनेल वीज कमी देते, हे या धंद्यातील शिकाऊ मुलगाही जाणतो. व्यवस्थापकाची बक्षिसी ज्या उत्पादनावर मोजली जाते, ते उत्पादन फडके आणि पाणी घेऊन फिरणाऱ्या हातांवर अवलंबून आहे. जेथे हे काम यंत्रमानवाकडे गेले आहे, तेथे ती मजुरीही उरलेली नाही.

गुणवत्तेचा युक्तिवाद

मोठा पगार दिला नाही तर चांगली माणसे मिळणार नाहीत, हा दुसरा युक्तिवाद. त्याचे उत्तर सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात डोळ्यांनी पाहता येते. वनकुसवड्याच्या पठारावर खाजगी पवनचक्क्या फिरतात आणि त्याच पठारावरून कोयनेचा शिवसागर जलाशय दिसतो. कोयनेची वीजही अपारंपरिक म्हणता येईल अशीच, पाण्यापासूनची. १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प सरकारी वेतनश्रेणीतल्या अभियंत्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला. १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाशी भोक पाडून बोगद्यात पाणी घेण्याचे अत्यंत अवघड काम तेथे पार पडले. ती माणसे गुणवत्तेत कोणाहून कमी होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? कोयनेच्या धरणग्रस्तांना मात्र पिढ्यान् पिढ्या न्यायासाठी झगडावे लागले, हेही येथेच नोंदवले पाहिजे. मालकी सार्वजनिक झाली की न्याय आपोआप होतो, असा भ्रम आपण बाळगू नये. पण मर्यादित वेतनात उच्च दर्जाचे तांत्रिक काम होऊ शकते, एवढे कोयनेने निर्विवाद सिद्ध केले आहे.

२०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारात किमान मूळ वेतन १८ हजार आणि मंत्रिमंडळ सचिवाचे अडीच लाख ठरवले. म्हणजे अंतर एकास चौदाच्या आत आहे. एवढ्या अंतरात देशाचा कारभार चालतो. सौर प्रकल्प का चालू नये?

कुंपणाच्या बाहेर

मजुरीबरोबर जमिनीच्या भाड्याचाही हिशेब मांडला पाहिजे, कारण पगाराचा पैसा तेथूनही वाचवला जातो. कर्नाटकातील पावगड येथे पाच गावांच्या सुमारे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे. शेतकऱ्यांना एकरी वर्षाला २१ हजार रुपये भाडे ठरले आणि दर दोन वर्षांनी त्यात पाच टक्के वाढ. दोन वर्षांत महागाई किती वाढते, हे घर चालवणारी कोणतीही बाई सांगू शकेल. दोन वर्षांत पाच टक्के वाढ देऊ केली तर कोणता व्यवस्थापक कामावर टिकेल? आणि ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्या शेतमजुरांना भाडे नाही. शेती बंद झाली तशी त्यांची मजुरीही गेली. महाराष्ट्राच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. हे पावगडहून बरे. भूमिहीनाचा विचार मात्र याही योजनेच्या भाड्यात नाही.

धुळे जिल्ह्यातील विखरणचे धर्मा पाटील यांचे नाव आपण विसरलेलो नाही. आधी औष्णिक आणि मग सौर प्रकल्पासाठी म्हणून घेतलेल्या त्यांच्या पाच एकर जमिनीला सुमारे चार लाख रुपये मिळाले. न्याय्य मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या या वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि २८ तारखेला त्यांचा अंत झाला. त्यांचीही एक अपेक्षा होती. ती भरून घेण्यासाठी कोणत्याही अर्जात रकाना नव्हता.

काय मागायचे?

डॉ. राममनोहर लोहियांनी १९६३ साली लोकसभेत सामान्य माणसाच्या तीन आण्यांच्या कमाईचा प्रश्न उभा केला आणि किमान व कमाल उत्पन्नात एकास दहाहून अधिक अंतर नसावे, असा आग्रह धरला. तो आग्रह आज स्वप्नाळू वाटेल. म्हणून आरंभ एकास वीसपासून करावा. येथे एक साधे गणित कार्यकर्त्यांनी लोकांना समजावून सांगितले पाहिजे. केंद्राने २०१७ साली ठरवलेली राष्ट्रीय किमान वेतनपातळी दिवसाला १७६ रुपये होती. २६ दिवसांचे ४,५७६ होतात. अनेक राज्यांचे किमान वेतन याहून अधिक आहे, पण हाच आकडा धरला तर एकास वीसच्या नियमाने वरचा पगार ९१ हजार ५२० वर थांबतो. एखाद्या कंपनीला आपल्या प्रमुखाला महिना दहा लाख द्यायचेच असतील, तर तिने खुशाल द्यावेत. मात्र पॅनेल धुणाऱ्याला ५० हजार द्यावे लागतील. वरच्याला ओढून खाली आणण्यापुरता हा नियम नाही. त्याची अपेक्षा खालच्याच्या रोजाशी दोरीने बांधण्याचा तो नियम आहे. यात मत्सर कोठे आला?

ही अट आणण्यास नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. वीज खरेदीचा करार सार्वजनिक संस्था करते. अटी घालण्याचा अधिकार तिचा आहे. निविदेतच लिहावे की वेतनाचे गुणोत्तर कंत्राटी कामगार धरून आणि प्रकल्पागणिक कंपन्या एकत्र मोजून जाहीर करावे लागेल. ते ठरल्या मर्यादेत ठेवावे लागेल. धुणे, पहारा, गवतकापणी ही मुख्य कामे मानली जातील. उत्पादनावरील बक्षिसीत प्रकल्पावरच्या प्रत्येकाचा वाटा राहील. आणि जमिनीचे भाडे महागाईशी जोडून त्याचा काही भाग गावातील भूमिहीनांना मिळेल.

एक पथ्य मात्र पाळावे. तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत, कुटुंबापासून दूर राहून कंत्राटदार, जमीनमालक आणि मुख्य कार्यालय या तिघांचे बोलणे ऐकून घेणारा प्रकल्पावरचा व्यवस्थापक हा आपला शत्रू नव्हे. प्रकल्प उभा राहिला की त्याचीही नोकरी डळमळते. त्याच्या आणि कंपनीच्या शिखरावरील मूठभरांच्या पगारात जे अंतर आहे, ते त्याला आपल्यापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. त्याच्याशी बोलले पाहिजे.

काम येथूनच सुरू करता येईल. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल सर्वांना खुले असतात आणि गुणोत्तराचा आकडा संचालकांच्या अहवालाच्या जोडपत्रात छापलेला असतो. आपल्या तालुक्यात ज्या कंपनीचा प्रकल्प आहे, तिचा तो आकडा काढावा. मग प्रकल्पावर जाऊन पॅनेल धुणाऱ्यांना, पहारेकऱ्यांना त्यांचा रोज विचारावा, वेतनपावती मिळते का ते पाहावे, आणि खरे गुणोत्तर स्वतः मांडून ग्रामसभेत वाचून दाखवावे. त्याच वेळी त्या कामगारांना आजवर कोणी न विचारलेला प्रश्नही विचारावा : तुमची अपेक्षा किती? त्या उत्तरांचा कागद हाच पुढच्या लढ्याचा मसुदा ठरेल.