पटणे आणि विसंबणे

आमच्या वसतिगृहात राहुरीकडचा एक ख्रिस्ती मित्र आहे. एकदा रात्री प्रवरेच्या पुलावर बोलत उभे असता तो सहज म्हणाला, "मी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आहे, पण विश्वासणारा आहे की नाही, ते मलाच ठाऊक नाही." मी ख्रिस्ती नाही. मला हे कोडेच वाटले. धर्म मान्य आहे, प्रार्थनेला जातो, मग उरले काय?

त्याने याकोबाच्या पत्राचा दाखला दिला. देव एकच आहे हे भुतांनाही मान्य आहे, असे तेथे म्हटले आहे. ती नुसती थरथरतात, तरत नाहीत. म्हणजे माहिती असणे आणि ती खरी वाटणे, एवढ्याने तारण होत नाही. जिच्यावर भार टाकायचा त्या व्यक्तीवर तो टाकावा लागतो. प्रॉटेस्टंट पंडितांनी ज्ञान, संमती आणि भरवसा अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत, त्या याच.

पुढे मी पंडिता रमाबाईंविषयी वाचले आणि हे कोडे अधिकच अवघड झाले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाने त्यांची बौद्धिक खात्री पटविली होती. खात्री पटली तरी बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घातला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या साक्षीत मात्र त्या लिहितात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

याच आठ वर्षांत, १८८९ साली, त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले! खरा विश्वास आचरणावरून ओळखावा, असे आपण सर्रास म्हणतो. मग शारदा सदन हे आचरण नव्हे काय? लोकनिंदा सोसून केलेले ते काम होते. माझ्या मते बाईंना खटकले ते कृतीचे उणेपण नव्हे. आपला पश्चात्ताप, आपली सुधारणा, आपली सेवा यांच्याच हिशेबावर आपण देवापुढे उभ्या होतो, हे त्यांना जाणवले. भार स्वतःवर होता, तो त्यांनी ख्रिस्तावर टाकला. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही. म्हणूनच दुसऱ्याच्या विश्वासाची परीक्षा घेत फिरणारे उपदेशक मला पटत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण याच्या उलट आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र वादात पडल्या नाहीत. काही वर्षे त्या दूर राहिल्या, मग नगरला आल्या त्या सोवळ्यासकट. जाती देवाने केलेल्या नाहीत, असे एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. इथे आधी जगणे बदलले, कबुली मागून आली. तेव्हा बुद्धीची पायरी पहिलीच असली पाहिजे, हाही पंडितांचा आग्रह असावा. असो, पंडितांना पायऱ्या आवडतात. परंतु बुद्धीला हिणवणारेही चुकतात. गोऱ्यांची पत्रे नसती, तर रमाबाई आठ वर्षांनंतरच्या त्या जागी पोहोचल्या असत्या काय?

वारकऱ्यांच्या प्रदेशात हे सारे अगदी परके नाही. शब्दज्ञान आणि भाव यांतले अंतर आपल्या आजीलाही ठाऊक असते. मात्र ख्रिस्ती माणूस हा भाव एका व्यक्तीच्या वधस्तंभावरील मरणाशी बांधतो, आणि तेथे सरसकट 'सगळे धर्म सारखेच' म्हणून मोकळे होणे हा आळस आहे.

हे लिहिताना एक गोष्ट टोचते. जातिभेद चूक आहे यावर मी स्पर्धेत निबंध लिहिला, बक्षीसही मिळाले. त्याच उन्हाळ्यात गावच्या लग्नात एका वर्गमित्राची पंगत वेगळी बसविली गेली. मी पाहिले आणि वाढायला घेतलेले तूप पुढच्या पानावर वाढीत गेलो. मला समता पटली होती. तिच्यावर विसंबून चार पावले टाकायची वेळ आली, तेव्हा मी भार टाकला तो आप्तांच्या मर्जीवर. पुलावर उभे असताना मित्राला हे सांगितले. तो काही बोलला नाही. खाली पाणी फारसे नव्हते, वाळूच जास्त दिसत होती.