सुरीचे उदाहरण पुरेसे नाही

‘विज्ञान : शाप की वरदान?’ या विषयावर कधीच निबंध लिहिला नाही, असा विद्यार्थी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. या निबंधाचा शेवटही ठरलेला असतो. सुरीने फळ कापता येते, तसा गळाही कापता येतो. दोष सुरीचा नव्हे, ती वापरणाऱ्या हाताचा! परीक्षक खूष होतात, गुणही मिळतात. परंतु मित्रहो, हे उत्तर मला अपुरे वाटते. का, ते समजण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाकडे जरा बारकाईने पाहू.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि युरोपात युद्ध पेटले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लढणाऱ्या राष्ट्रांना आवाहन केले की, नागरी वस्तीवर विमानांतून बाँब टाकू नयेत. ब्रिटनने ते मान्यही केले. पुढे काय झाले? १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅम शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त केला. सप्टेंबरपासून लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब पडू लागले. जुलै १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी हॅम्बुर्ग पेटविले. ९ मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकेच्या सुमारे तीनशे बी-२९ विमानांनी टोकियोवर आगलावे बाँब टाकले आणि एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. सहा वर्षांपूर्वी जे निषिद्ध होते, ते नित्याचे झाले. कोणीही एकदम तळाला उडी मारली नाही. सगळे एकेक पायरी उतरत गेले, आणि प्रत्येक पायरीवर ‘सुरुवात समोरच्याने केली’ हे कारण तयार होते.

आता सुरीकडे वळू. टोकियो जाळणाऱ्या बाँबमध्ये नापाम नावाचा, पेटला की चिकटून जळत राहणारा पदार्थ होता. तो १९४२ साली हार्वर्ड विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ लुई फीजर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. तो पारखण्यासाठी यूटा राज्यातील वाळवंटात जपानी पद्धतीची लाकडी घरे बांधली गेली. आत गवताच्या चटयासुद्धा अंथरल्या होत्या! मग ती घरे पुन्हा पुन्हा जाळून पाहिली. सांगा, ही फळे कापायची सुरी होती काय?

झायक्लॉन-बी हे मुळात कीटकनाशक. त्याच्या विषारी वायूची माणसाला वेळीच चाहूल लागावी म्हणून त्यात एक झोंबणारा पदार्थ मिसळीत असत. नाझींच्या छळछावण्यांना मात्र हा पदार्थ वगळलेला माल पुरविला गेला. एकट्या आउश्वित्झ छावणीत सुमारे ११ लाख माणसे मारली गेली. त्यांत सुमारे १० लाख ज्यू होते. गाडीतून उतरलेल्यांपैकी कोणाला लगेच मारायचे आणि कोणाला राबवायचे, हे ठरवायला डॉक्टर उभे असत. तिकडे मांचुरियात हार्बिन शहराजवळ जपानच्या ‘युनिट ७३१’ मध्ये जिवंत कैद्यांवर रोगजंतूंचे प्रयोग चालले. त्या युनिटचा प्रमुख शिरो इशी हाही डॉक्टरच होता. म्हणजे सुरी घडविणारे आणि चालविणारे हात दर वेळी वेगळे नव्हते.

आणि अणुबाँब? तो तर माझ्याच विषयातला. वर्गात आपण E = mc² हे सूत्र शिकतो. हिरोशिमाच्या बाँबमध्ये सुमारे ६४ किलोग्रॅम युरेनियम होते. त्यातील एक किलोग्रॅमहूनही कमी युरेनियमचे विखंडन झाले आणि ऊर्जेत रूपांतर झाले ते जेमतेम ०.७ ग्रॅम वस्तुमानाचे. तेवढ्यातून १५ हजार टन टी.एन.टी.इतकी ऊर्जा बाहेर पडली. गणित इथे संपते आणि आपण उत्तराखाली दोन रेघा मारतो. पण पुढची ओळ राहूनच जाते : १९४५ च्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मृत्यू पावली.

हा बाँब जमिनीवर नव्हे, तर सुमारे ६०० मीटर उंचीवर फोडला गेला. दाबाच्या लाटेने जास्तीत जास्त इमारती कोसळाव्यात म्हणून ही उंची गणिताने काढली होती. लक्ष्ये सुचविणाऱ्या समितीत शास्त्रज्ञही बसत होते. निवडलेल्या शहरांवर आधी साधे बाँबहल्ले करू नयेत, असेही ठरले होते; बाँबचा परिणाम स्पष्ट दिसावा ना!

यावर कोणी म्हणेल, बाँब टाकला नसता तर युद्ध लांबले असते. जपानी सैन्याने १९३७ साली नानकिंगमध्ये केलेली कत्तल खोटी नाही, आणि लढाई चालू राहती तर आणखी माणसे मेली असती हेही खरे. युद्ध दुसऱ्या कोणत्या मार्गाने थांबले असते काय, यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. पण दुसरा मार्ग सुचविणारे शास्त्रज्ञ त्याच वेळी, त्याच प्रकल्पात होते. जून १९४५ मध्ये जेम्स फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून दिले की, बाँबचे प्रात्यक्षिक आधी ओसाड जागी जगाला दाखवावे. जुलैमध्ये लिओ झिलार्ड यांच्या अर्जावर सत्तर जणांनी सह्या केल्या. त्यांचे ऐकले गेले नाही. त्याआधीच, १९४४ च्या अखेरीस, जर्मनीजवळ अणुबाँब नाही हे कळताच जोसेफ रॉटब्लॅट प्रकल्प सोडून गेले होते. विखंडनाचा अर्थ जगाला सांगणाऱ्या लीझ माइटनर यांनी तर बाँबच्या कामाला यायलाच नकार दिला होता.

म्हणजे हे विज्ञान तेच, काळही तोच. तरी माणसे वेगवेगळी वागली. म्हणूनच ‘शाप की वरदान’ हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. त्यात विज्ञान जणू आकाशातून पडते आणि आपण फक्त झेलणारे! खरे प्रश्न असे आहेत : हे काम कोणी केले? ते कशासाठी आहे, हे त्याला ठाऊक होते काय? आणि कोणत्या पायरीवर त्याला ‘नाही’ म्हणता आले असते?

आज भारतासह नऊ देशांजवळ मिळून सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत. तुमच्यापैकी कोणी उद्या रसायनतज्ज्ञ होईल, कोणी डॉक्टर, कोणी संगणक चालवील. ‘मी फक्त गणित केले’ असे म्हणण्याची वेळ तुमच्यावरही येऊ शकते. तेव्हा आतापासूनच एक सवय लावून घ्या. विखंडनाचे उदाहरण सोडविले की उत्तराखाली आणखी एक ओळ लिहा. तिला परीक्षेत गुण मिळणार नाहीत. पण तिच्यावाचून ते गणित अपुरे आहे.